बिघाड बाहेरून आत शोधावा

परभणी जिल्ह्यात संगणक किंवा मोबाइल अडतो तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा यंत्राच्या बाहेरच सापडते. भिंतीतला सैल सॉकेट, उन्हाळ्यात वाळलेले अर्थिंग, मे महिन्याचे ऊन, जिनिंगमधून उडणारे रुईचे तंतू, रस्त्याच्या खोदकामात तुटलेली फायबर, नाहीतर आधारला जोडलेला दुसऱ्याच कोणाचा तरी मोबाइल नंबर. तरीही ‘चालत नाही’ म्हटले की पहिला उपाय सुचवला जातो तो फॉरमॅट मारण्याचा. फॉरमॅटने विंडोज नवे होते, सॉकेट सैलच राहतो आणि हिशेब व फोटो मात्र जातात. म्हणून तपास बाहेरून आत करावा. आधी वीज, मग उष्णता व धूळ, मग जोडण्या आणि इंटरनेट, त्यानंतर सॉफ्टवेअर. सरकारी पोर्टलवरचे काम अडले असेल, तर ज्याच्या नावाने ते करायचे त्याची नोंद सगळ्यात शेवटी तपासावी. पहिल्या पायऱ्यांना पैसा जवळजवळ लागत नाही आणि त्यांत कोणतीही माहिती पुसली जात नाही.

वीज आणि अर्थिंग

घरगुती वीज २३० व्होल्टची असते. नियमाप्रमाणे त्यात सहा टक्के वर-खाली चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी दाब याच्या बराच खाली जातो. लॅपटॉप आणि मोबाइलच्या चार्जरवर ‘१०० ते २४०’ असे छापलेले असते. त्यांना कमी दाबाचे फारसे वाटत नाही. अडचण होते ती डेस्कटॉपला वीज पुरवणाऱ्या साध्या एसएमपीएसची. पंखा मंदावतो त्याच क्षणी संगणक रीस्टार्ट होत असेल, तर विंडोजला दोष देण्याचे कारण नाही. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर थोडक्या पैशात मिळतो. दिवसातून तीन-चार वेळा त्यावरचा आकडा लिहून ठेवला तर आठवडाभरात निदान होते, आणि महावितरणकडे तक्रार करतानाही तोच कागद उपयोगी पडतो. वीज तक्रारीचा क्रमांक १९१२ आहे.

दाब वाढणे मात्र खरोखर धोक्याचे. थ्री-फेज लाइनवरची न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली, तर एखाद्या घरात दाब चारशे व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. एका घरातले दिवे झगझगीत आणि शेजारच्या घरातले मिणमिणते, ही त्याची ओळख. अशा वेळी स्टॅबिलायझरवर भरवसा ठेवू नये. मेन स्विच पाडावा आणि लाइनमनला बोलवावे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करणे पुरत नाही. प्लग सॉकेटमधून काढावा, शिवाय राउटरची लॅन केबल आणि डिशची केबलही सोडवून ठेवावी. फायबरची तार काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो.

कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, ही तक्रार इतकी नेहमीची आहे की लोक चप्पल घालून बसणे हाच उपाय समजतात. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोहोंना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर त्यातला किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टचा दाब उभा राहतो. त्याने सहसा जिवाला धोका होत नाही. मात्र चालू संगणकाला प्रिंटर किंवा मॉनिटर जोडताना पोर्ट जळतात ते यानेच. मुख्य म्हणजे, अर्थिंग मेले आहे आणि खरा फॉल्ट आला तर वाचवायला काही नाही, हे त्या मुंग्यांतून कळते.

परभणीच्या काळ्या भारी जमिनीत अर्थिंगचे एक वेगळे दुखणे आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पुरलेल्या पट्टीपासून किंवा पाइपपासून सुटी होते. जानेवारीत उत्तम असलेले अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी ठरते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी ओतावे लागते. खड्ड्यावर नरसाळे किंवा पाइपचे तोंड ठेवतात ते त्यासाठीच. वायरमनकडून मल्टिमीटरने दोन मोजमापे करून घ्यावीत. फेज-अर्थ यांतला दाब फेज-न्यूट्रलइतकाच हवा आणि न्यूट्रल-अर्थ यांतला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत. प्लगची तिसरी, जाड पिन कापून तो दोन पिनच्या बोर्डात बसवला असेल, तर अंगणातले अर्थिंग कितीही चांगले असून उपयोग नाही.

यूपीएसमधली बॅटरी साधारण २५ अंश तापमान धरून बनवलेली असते. सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली की तिचे आयुष्य अंदाजे निम्म्यावर येते. दोन उन्हाळ्यांतच बॅटरी बसली म्हणजे दुकानदाराने फसवले असे लगेच समजू नये. यूपीएस टेबलाखाली, भिंतीला चिकटून, फाइलींच्या गठ्ठ्यात कोंबलेला असतो. लाइट गेल्यावर यूपीएस पाच मिनिटेही टिकत नसेल तर पूर्ण यूपीएस न बदलता फक्त १२ व्होल्टची बॅटरी बदलावी. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. शाई भाजून पक्की करणारा त्यातला भाग क्षणात शेकडो वॅट ओढतो आणि यूपीएस ओरडून बंद पडतो.

घराला इन्व्हर्टर आहे, तरी लाइट जाताना संगणक रीस्टार्ट होतो, याचे कारण बहुधा इन्व्हर्टरवरच्या ‘यूपीएस’ आणि ‘ईको’ या खटक्यात असते. एसएमपीएसमध्ये साठलेली वीज संगणकाला सेकंदाच्या साधारण साठाव्या भागापुरती तगवते. ‘ईको’वर इन्व्हर्टर त्याहून सावकाश बदलतो. खटका ‘यूपीएस’वर केला की प्रश्न बहुतेक वेळा मिटतो.

ऊन आणि रुई

परभणीत मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर असणे नवलाचे नाही. पत्र्याच्या शेडमधल्या सेवा केंद्रात दुपारी याहून जास्त तापते. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, ती थंड करत नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की आपला वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद पडतो. ‘सकाळी छान चालतो, दुपारी हँग होतो’ असे सांगणाऱ्याने निदान स्वतःच केलेले असते.

त्यात मानवत, सेलू, परभणी ही कापसाच्या बाजाराची गावे. हंगामात जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत रुईचे तंतू हवेत तरंगत असतात आणि पंख्याबरोबर आत ओढले जातात. कॅबिनेट उघडून पाहिले तर पंखा वरून स्वच्छ दिसतो आणि बघणारा फसतो. चार स्क्रू काढून पंखा उचलावा. खाली हीटसिंकच्या पात्यांवर करड्या रंगाचा, बोटाने सोलून निघेल असा नमदा बसलेला असतो. हवा वरच्या वर फिरत राहते, पात्यांतून जातच नाही. हा थर हाताने काढून मग ब्लोअर मारावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. हीटसिंक प्रोसेसरवरून उचलला असेल तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय तो बसवू नये. कापसाच्या गावात ही सफाई दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, अशी वर्षातून दोनदा करावी.

सफाईनंतर संगणक सुरूच होत नाही, नुसता ‘बीप बीप’ वाजतो, असे झाले तर घाबरू नये. रॅमची पट्टी हललेली असते. वीज तोडून पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासून पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंचे खटके ‘टक’ वाजेपर्यंत ती दाबून बसवावी.

कूलरचा झोत संगणकावर घेणे हा मराठवाड्यातला लाडका उपाय, आणि चुकीचा. कूलरची हवा गार असते, पण दमट असते. त्या ओलीत धूळ चिकटते आणि जोडण्यांवर गंज चढतो. कूलर माणसाकडे वळवावा आणि संगणकाच्या मागे वीतभर मोकळी जागा ठेवावी.

अनेक फोन-उत्पादक ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच फोन वापरण्याची शिफारस करतात. उन्हाळी पिकाची नोंद करायला दुपारी शेतात उभे राहिले की स्क्रीन आपोआप अंधूक होतो, कॅमेरा बंद पडतो, चार्जिंग थांबते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनमध्येच केलेली ही सोय आहे. कव्हर काढून फोन सावलीत ठेवावा. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव साचते. फोनची पाठ फुगून स्क्रीन वर उचलला जात असेल तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्ज करू नये, दाबून बसवू नये आणि बॅटरी ताबडतोब बदलावी.

इंटरनेट

फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला की बाहेरची तार तुटलेली किंवा वाकलेली आहे. घरात कितीही वेळा मोडेम बंद-चालू केला तरी त्याने काही होत नाही; सरळ तक्रार नोंदवावी. लाल दिवा नसेल तर लॅपटॉप केबलने मोडेमला जोडून पाहावा. केबलने वेग मिळतो आणि वायफायने मिळत नाही, म्हणजे दोष घरातल्या भिंतींचा. माळवदाच्या जुन्या वाड्यांत हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती असतात आणि त्यांतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ पार होत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगाला कमी, पण भिंतीतून बराच आत जातो. मोडेम कपाटात किंवा टीव्हीमागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच जागी लावावा. लॅन केबल उंदरांनी कुरतडलेली असणे ही शक्यताही खेड्यात विसरू नये.

इंटरनेट चालू आहे, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे सांगते, तेव्हा उजवीकडे खाली तारीख पाहावी. ती कितीतरी वर्षे मागची दिसली तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते आणि चुकीच्या तारखेच्या संगणकाला ते मुदतीबाहेरचे वाटते. सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलून तारीख लावली की काम होते. एवढ्या सेलपायी कितीतरी संगणक फॉरमॅट झालेले आहेत.

मंद संगणक, पेनड्राइव्ह, प्रिंटर

संगणक मंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कच्या रकान्यात सतत शंभर टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर एसएसडी बसवणे हाच टिकाऊ उपाय. जुन्या संगणकावर केलेला दुसरा कोणताही खर्च इतका कामी येत नाही. मेमरीचा रकाना भरलेला असेल तर रॅम वाढवावी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षा दुरुस्त्या थांबतात. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. बँकेचे आणि आधारचे काम चालणाऱ्या संगणकावर हे टाळाटाळीवर सोडू नये.

झेरॉक्स सेंटरवरून आणलेल्या पेनड्राइव्हमधल्या फाइली जाऊन त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात, तेव्हा फाइली बहुधा पुसल्या गेलेल्या नसतात. व्हायरसने त्या लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. अँटिव्हायरसने तपासून, फोल्डरच्या पर्यायांत लपवलेल्या व सिस्टिमच्या फाइली दाखवण्याची खूण केली की मूळ फाइली दिसतात. छपाईसाठी फाइल ईमेलने पाठवणे यापेक्षा बरे.

प्रिंटरला आदेश दिला आणि काहीच निघत नसेल, तर रांगेत आधीचे एखादे पान अडकलेले असते. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करावा; ‘प्रिंट’ पुन्हा पुन्हा दाबले तर नंतर सगळी पाने एकदम निघतात. टाकीच्या शाईचा प्रिंटर उन्हाळ्यात पडून राहिला की शाई तोंडाशीच वाळते, म्हणून आठवड्याला एक रंगीत पान काढावे. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि अडकतो. उघडे रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे.

मराठी अक्षरांचा घोळ

ग्रामपंचायतीतून किंवा शाळेतून आलेली फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलेच नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे बसवलेली असतात. कृतिदेवात ‘भारत’ असे टंकले तर फाइलीत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच पाच दिसतात. फक्त वाचायचे असेल तर तोच फॉन्ट बसवणे पुरते. पुढे वापरायचे असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. बदलणारी साधने इंटरनेटवर मोफत आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. ठरावात गट क्रमांक चुकला तर पुढचा मनस्ताप फॉन्टपेक्षा मोठा असतो.

नवे काम युनिकोडमध्येच करावे. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ आणि भाषा या भागात मराठी जोडली की दोन कळपट मिळतात. टंकलेखन न शिकलेल्याला ‘मराठी फोनेटिक’ सोपा पडतो, कारण त्यात इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटते. रोज पानेच्या पाने टंकणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्ट शिकावा. महिन्याभरात हात बसतो. टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीवर हात बसलेल्यांना त्याच मांडणीचा युनिकोड कळपट वेगळा बसवून घेता येतो. त्यांना कृतिदेवाला चिकटून राहण्याचे कारण उरलेले नाही. कोणालाही फाइल पाठवताना सोबत पीडीएफ जोडावी.

पोर्टल, अंगठा आणि ओटीपी

खरीप पीक विम्याची नेहमीची शेवटची तारीख ३१ जुलै. त्या आठवड्यात ‘सर्व्हर डाऊन’ हे कारण बहुधा खरेच असते आणि त्यावर घरच्या संगणकावर काही उपाय नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा काम करावे, त्याहून चांगले म्हणजे महिन्याच्या सुरुवातीलाच उरकावे. मात्र पोर्टल चालू असून पावतीच उघडत नसेल, तर ब्राउझरने पॉप-अप रोखलेला असतो. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला त्याची छोटी खूण येते. तिच्यावर क्लिक करून परवानगी द्यावी. जुनेच पान पुन्हा पुन्हा येत असेल तर कंट्रोल आणि एफ ५ दाबावे. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमांनुसार यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली आणि न पोचलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत, तर दुकानदाराला किंवा पोर्टलला भरलेली पाच दिवसांपर्यंत परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची असते.

कागद अपलोड होत नाही, कारण फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे, हे रोजचे रडगाणे. स्कॅनरवर ३०० डीपीआय लावलेले असते. १०० डीपीआयवर त्याच कागदाचे ठिपके एक नवमांश होतात आणि मजकूर तरी वाचता येतो. फोनने कागदाचा फोटो काढला असेल तर आधी तो कडेने कापावा. टेबलाचा आणि बोटांचा भाग उगीच केबी खातो.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत ‘आपण गटापासून दूर आहात’ असा संदेश बांधावर उभे असतानाही येतो. अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये अ‍ॅपला स्थान दाखवण्याचे दोन प्रकार असतात, अचूक आणि अंदाजे. ‘अंदाजे’ निवडले तर फोन साधारण तीन चौरस किलोमीटरच्या टापूत कुठेतरी असल्याचे दाखवतो. अ‍ॅपच्या परवान्यांत जाऊन ‘अचूक’ करावे आणि झाडाखाली न थांबता उघड्या आभाळाखाली दोन मिनिटे थांबावे.

मशीन अंगठा घेत नाही, ही तक्रार सर्वाधिक कष्टकऱ्यांची. कापूस वेचून, विळा धरून आणि वाळू-सिमेंटच्या कामात बोटांच्या रेषा झिजतात. वयोमानानेही त्या पुसट होतात. आधी मशीनची काच कोरड्या कापडाने पुसावी आणि संगणकावर मशीनला आधारशी जोडणारी आरडी सर्व्हिस सुरू व नोंदणीकृत आहे ना, ते पाहावे. मग हात धुऊन, बोट किंचित ओलसर ठेवून, अंगठ्याऐवजी दुसरी बोटे लावून पाहावीत. दहापैकी कोणतेही चालते. मशीन दाखवते तो त्रुटी क्रमांक वाचावा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे त्या व्यक्तीचे बायोमेट्रिक आधारकडे लॉक आहे, आणि ते उघडेपर्यंत कितीही बोटे दाबली तरी व्यर्थ. ठसा येतच नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावे. काही ठिकाणी चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते. पीएम-किसानच्या अ‍ॅपमध्ये २०२३ पासून ही सोय आहे.

ओटीपी येत नाही तेव्हा पहिला प्रश्न विचारावा: आधारला नंबर कोणाचा? अनेक घरांत तो जुन्या सिमचा, जावयाचा किंवा अर्ज भरून देणाऱ्याचा निघतो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरले नाही आणि त्यात शिल्लक नसली तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला जातो. नंबर आधार केंद्रात जाऊन बदलता येतो. घरबसल्या करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नये. नंबर बरोबर असेल तर फोन काही क्षण विमान-मोडवर टाकून परत आणावा. ‘पुन्हा पाठवा’ वारंवार दाबू नये, कारण नवा ओटीपी निघाला की आधीचा बाद होतो आणि उशिरा आलेला जुना आकडा टाकत बसण्याची पाळी येते.

योजनेचे पैसे ‘आले’ असे पोर्टल सांगते आणि पासबुकात काही नसते, तेव्हा ते बहुधा दुसऱ्याच बँकेत गेलेले असतात. खात्याला आधार जोडलेले असणे वेगळे आणि थेट लाभासाठी खाते सीड झालेले असणे वेगळे. लाभ सीड झालेल्या एकाच खात्यात जातो, आणि कधीकाळी शिबिरात काढलेले विसरलेले खातेही तेच असू शकते. ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली की बँकेचे नाव कळते.

सही आहे, पण प्रश्नचिन्ह

डिजिटल सातबारा किंवा दाखला काढल्यावर सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘वैधता अज्ञात’ असा मजकूर दिसतो आणि समोरचा अधिकारी तो कागद नाकारतो. दाखला खोटा नसतो. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्या संगणकाने अजून विश्वास नोंदवलेला नसतो. मूळ पीडीएफ संगणकावर अडोबी रीडरमध्ये उघडावी, सहीवर उजवे क्लिक करून वैधता तपासण्याचा पर्याय घ्यावा, तिथून सहीच्या गुणधर्मांत आणि पुढे सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रात जावे. ‘ट्रस्ट’ या भागात ते प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत टाकून पुन्हा तपासले की हिरवी खूण येते, आणि मग छापावे. फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफवर हे होत नाही. छापलेला कागद स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर सहीचे नुसते चित्र उरते, म्हणून मूळ फाइल जपावी. ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, हा तिचा पासवर्ड.

अडलेल्या कामाच्या घाईतच फसवणूक गाठते. इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’चा नंबर, स्क्रीन दाखवायला लावणारे अ‍ॅप, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेच्या वा वाहनाच्या चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल, हे तिन्ही नाकारावेत. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेवढ्यातच असते.

यंत्र दुकानात देण्याआधी

एवढे करून बिघाड राहिला तर दुरुस्तीवाल्याकडे जावे. जाण्याआधी स्क्रीनवरच्या त्रुटीचा फोटो काढावा आणि बिघाड केव्हा होतो ते लिहावे: सुरू करतानाच की तासाभराने, छपाई करताना की लाइट गेल्यावर. ‘मधूनच बंद पडतो’ एवढ्या माहितीवर तंत्रज्ञ दोन दिवस यंत्र चालू ठेवून वाट पाहत बसतो. हार्डडिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक वेळी माहिती परत मिळण्याची आशा कमी होते. फॉरमॅटला होकार देण्याआधी डेस्कटॉप, डाउनलोड आणि डॉक्युमेंट हे तिन्ही फोल्डर, टॅलीची माहिती आणि ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर झाली आहे, हे ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. फोन द्यायचा असेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. नव्या अनेक फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो. तो चालू केला की फोटो, संदेश आणि बँकेची अ‍ॅप झाकलेली राहतात आणि तंत्रज्ञाचे काम मात्र अडत नाही. तो नसेल तर यूपीआय आणि बँकेच्या अ‍ॅपमधून आधी बाहेर पडावे आणि फोन शक्यतो समोर बसून दुरुस्त करून घ्यावा. बदललेला जुना सुटा भाग आणि पक्की पावती दोन्ही मागून घ्यावीत. वॉरंटीच्या भांडणात तेवढाच पुरावा हाताशी असतो.